तिसऱ्या खड्ड्यातलं खत

कारखान्यात एकूण चोवीस बैल होते आणि ते सगळे नियमाप्रमाणे वागत. भोंगा झाला की जुंपून घेत, दुसरा भोंगा झाला की गोठ्यात परत येत, आणि ओव्हरटाइम केला तरी त्याबद्दल कुठे बोलत नसत. यार्डातलं लाकूड आणि लोखंड रेल्वेच्या सायडिंगपर्यंत ओढून न्यायचं काम इंग्रजांच्या वेळेपासून त्यांच्याकडे होतं. १९६५ साली कारखान्यात ट्रकही होते. पण ट्रकला डिझेल लागे आणि डिझेल सीमेवर गेलेलं होतं. बैलांना कुटार, म्हणजे भुसा, लागे, आणि ते कुंडमच्या रस्त्यानं वेळेवर येई.

कारखाना जबलपूरचा. कोणता, ते सांगत नाही. त्या काळी सांगायला बंदी होती, आणि ती उठल्याचा कागद अजून माझ्या हाती आलेला नाही.

चोवीस बैल म्हटले की शेण आलंच. गोठ्याचा जमादार शालिग्राम बावणे हा भंडाऱ्याकडचा माणूस. त्यानं गोठ्यामागे तीन खड्डे खणले होते. पहिल्या खड्ड्यात ताजं शेण, गोमूत्रानं भिजलेलं कुटार आणि झाडून आणलेला पाला यांचे थर पडत. दुसऱ्या खड्ड्यात ते सगळं उलटंपालटं होऊन तापत असे. सकाळी त्यातून वाफ निघे. तिसऱ्या खड्ड्यात ते निवून, पिकून, काळंभोर होऊन पडलेलं असे. मुठीत घेतलं तर चहाच्या भुकटीसारखं मोकळं, आणि नाकाशी नेलं तर कसलाच वास नाही. शालिग्रामनं हे शास्त्र कुठे वाचलं नव्हतं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्यात कधी चूक झाली नाही.

या तिसऱ्या खड्ड्यातलं खत बेबीताई नेत. कुंडमच्या रस्त्यावर, कारखान्यापासून अडीच कोसांवर त्यांची सहा एकर जमीन होती. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते आणि लढाई सुरू झाल्यापासून लष्करी गाड्यांबरोबर कुठेकुठे फिरत होते, म्हणून शेती सगळी बाईंच्या अंगावर. त्यांची बैलगाडी कुटार भरून आत येई आणि खत भरून बाहेर जाई. अकरा वर्षं हा व्यवहार चालला होता. त्याचा एकही कागद नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो चालला होता.

आता यात अडचण एकच. बेबीताई या यार्ड कचेरीचे हेडक्लार्क नीलकंठ वझलवार यांच्या सख्ख्या मोठ्या बहीण.

वझलवारबाबूंच्या प्रामाणिकपणाबद्दल कचेरीत दुमत नव्हतं. सरकारी शाईनं त्यांनी कधी घरचं पत्र लिहिलं नाही. सरकारी टाचणी चुकून सदऱ्याला लागून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी ती परत डबीत जाई. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असे. टाचणी परत येताना मी स्वतः पाहिली आहे.

सप्टेंबरात लढाई झाली. महिनाअखेर ती थांबली, पण लढाईतली परिपत्रकं थांबायला वेळ लागतो. ती ऑक्टोबरभर येत राहिली. रेशनवर लाल गहू आला होता आणि तोही पुरत नव्हता. त्यात एक परिपत्रक आलं की देशात अन्नधान्य वाढवणं हे प्रत्येक सरकारी आस्थापनेचं कर्तव्य असून, जिथे जनावरं आहेत तिथे त्यांच्या मलमूत्रापासून कंपोस्ट खत करावं आणि प्रगती कळवावी.

वझलवारबाबूंना आनंद झाला. ते म्हणाले, "हे काम तर आपण अकरा वर्षं करून राहिलो. आता नियमातही बसलं. या निमित्तानं ताईचंही लेखी करून घ्यावं."

"टाकून द्या एक कागद," मी म्हणालो. मला वाटतं, मी चहा पीत होतो.

त्यांनी कागद टाकला. 'यार्डातील बैलांच्या शेणापासून तयार होणारे खत कारखान्याबाहेरील एका शेतकरी महिलेस (अधोस्वाक्षरीकर्त्याची भगिनी) कुटाराच्या बदल्यात देण्यात येते. हीच पद्धत पुढे चालू ठेवण्यास परवानगी असावी, ही विनंती.'

संध्याकाळी घरी त्यांनी हे पत्नीला सांगितलं. विनतावहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"अकरा वर्षांत तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही काहून विचारून राहिले?"

"उद्या कोणी म्हटलं की हेडक्लार्कची बहीण सरकारी शेण नेते, तर?"

"तर म्हणायचं, हो, नेते. शेणच नेते ना? तोफ तर नाही नेत!"

"विनता, नियम म्हणजे नियम."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. "भाऊबीज तीन आठवड्यांवर आली आहे. ताईंपुढे पाटावर तुम्हाला बसायचं आहे, नियमाला नाही."

कागद प्रथम सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेला, कारण त्यात 'बाहेर' हा शब्द होता. कारखान्यातली कुठलीही वस्तू बाहेर जायची तर ती त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांनी वझलवारबाबूंना बोलावून घेतलं आणि दार लावून विचारलं,

"बाबूजी, एक बैल दिन भर में कितना गोबर करता है?"

"यही, दस-बारह किलो, साहब."

"हमेशा?"

"तबियत ठीक हो तो हमेशा."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "यानी गोबर तौल लिया तो बैल गिन लिए. बैल गिन लिए तो गाड़ियाँ गिन लीं. गाड़ियाँ गिन लीं तो माल गिन लिया! ग्यारह साल से आप दुश्मन को हमारा प्रोडक्शन टोकरी में भर-भर के दे रहे थे?"

वझलवारबाबूंनी या बाजूनं विचार केलेला नव्हता. खरं सांगायचं तर त्यात खोट काढता येत नव्हती.

त्याच दिवशी शेण 'गोपनीय' झालं. तिन्ही खड्ड्यांना काटेरी तार लागली, आणि तारेपाशी बंदूकवाला पहारेकरी उभा राहिला. शालिग्रामला आपल्याच खड्ड्यापाशी जायला पास मिळाला, फोटो लावलेला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला फोटो. तो त्यानं मुलखाला पाठवायचं म्हटलं, तर त्यालाही परवानगी लागेल असं कळलं.

पण बैलांना हा बदल कळवायची काही सोय नव्हती. यार्डातून सायडिंगला जाताना त्यांना सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागे, आणि त्या शंभर पावलांत ते पूर्वीसारखेच मोकळेपणानं वागत. यालाच माहिती फुटणं म्हणतात. म्हणून दर चार गाड्यांमागे टोपली घेतलेला एक मजूर आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला एक शिपाई असं पथक नेमण्यात आलं. शेण पडलं की पथक थांबे, मजूर ते उचले, शिपाई दोन्हीकडे बघे आणि मग पथक पुढे जाई. नाक्यावरच्या चहावाल्याच्या दुकानात गर्दी वाढली. पूर्वी या बैलांकडे कोणी मान वर करून बघत नव्हतं. आता सबंध नाका टक लावून मोजू लागला.

"भैया, ये कौन-सा बम है?" चहावाला शिपायाला विचारी.

"चलो, चलो. सरकारी मामला है," शिपाई म्हणे, आणि गर्दीचं समाधान होई की बॉम्बच आहे.

पहारा बसवल्याचा दुसरा परिणाम असा झाला की पहारेकऱ्याला काम नव्हतं, म्हणून तो निरीक्षण करू लागला. सकाळच्या पाळीला त्यानं दुसऱ्या खड्ड्यातून वाफ निघताना पाहिली आणि तशी नोंद केली. नोंद अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेली. हे पुण्याहून बदलून आलेले. मराठी इतकं स्वच्छ बोलत की शालिग्रामला ते निम्मंच कळे. थर्मामीटर घेऊन ते स्वतः आले, तो खड्ड्यात खुपसला आणि बाहेर काढून दोनदा वाचला.

"हा पदार्थ कोणी पेटवला?"

"कोणी नाही, साहेब. तो आपला आपणच तापते," शालिग्राम म्हणाला.

"म्हणजे स्वतःहून तापणारा पदार्थ! दारूगोळ्यापासून चारशे यार्डांवर!" त्यांनी पुस्तक काढलं. स्वतःहून तापणाऱ्या पदार्थाबद्दल पुस्तकात स्पष्ट होतं की त्याच्याजवळ विडी ओढू नये, लोखंड आपटू नये, आणि तो सकाळ-संध्याकाळ पाण्यानं थंड करावा.

"साहेब, तापलं नाही तर ते सडन कसं? अन् सडलं नाही तर खत होईन कसं?"

"हे पाहा जमादार, सडणं हा माझा विषय नाही. तापणं हा माझा विषय आहे."

मग ते तिसऱ्या खड्ड्याकडे वळले. तिथे थर्मामीटर ढिम्म. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा का तापत नाही?"

"याचं तापून झालं, साहेब."

"केव्हा?"

"श्रावणात."

"मग तेव्हा का कळवलं नाही?"

याबद्दल शालिग्रामकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. लिहायला येत नसल्यामुळे तो खुलासा वझलवारबाबूंनीच लिहिला: 'सदर खत श्रावणात तापले, त्याबद्दल दिलगीर आहे. पुढे असे होऊ देणार नाही.' खाली शालिग्रामचा अंगठा.

आगीचा बंब रोज दोनदा येऊ लागला. चार दिवसांत पहिला आणि दुसरा खड्डा गार पडला. आठ दिवसांत त्यांना असा वास सुटला की कॉलनीतल्या बायकांनी वाळवणं आत घेतली. शालिग्राम तारेबाहेर उकिडवा बसून राही. घरातलं माणूस आजारी असावं तसा चेहरा.

"बाबूजी," तो मला म्हणाला, "गाभण गायीच्या पोटावर बर्फ ठेवल्यासारखं करून राहिले हे लोक."

राहता राहिला तिसरा खड्डा. तो पिकलेला, गार आणि निर्धोक होता, आणि नेमका तोच बेबीताईंना हवा होता. पण त्याला तार होती. आणि तिकडे कुंडमच्या रस्त्यावर वेळ भरत आली होती. आमच्याकडे पावसाळाभर शेताला बांध घालून पाणी तुंबवून ठेवतात. नवरात्र उलटलं की बांध फोडून ते सोडून देतात. मग जमिनीत ओल आहे तोवर खत पसरून गहू पेरायचा. पंधरवडाभराचा खेळ असतो. काळी माती एकदा आवळली की तिच्यात बियाणं टाकणं आणि डांबरी रस्त्यावर टाकणं सारखंच.

वझलवारबाबूंनी स्मरणपत्र दिलं. त्याला उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. त्यांनी दुसरं दिलं. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे, असं आधीच कळवलेलं आहे.

याच सुमारास कारखान्याच्या बड्या साहेबांना परिपत्रकातला पहिला भाग दिसला. अन्नधान्य वाढवणं. कलकत्त्याहून मोठे साहेब पाहणीला येणार होते, तेव्हा मुख्य कचेरीसमोरची हिरवळ खणून तिथे गहू लावायचं ठरलं. आता गव्हाला खत हवं. खत कारखान्यात भरपूर होतं, पण ते गोपनीय होतं, आणि हिरवळ रस्त्यावरून दिसत होती. गोपनीय खत उघड्यावर कसं पसरणार? सबब खत बाहेरून मागवावं, असा निर्णय झाला. या कामाचा अनुभव असलेल्या व्यक्तींची नावं फाईलमध्ये शोधण्यात आली. फाईलमध्ये एकच नोंद होती: अधोस्वाक्षरीकर्त्याची भगिनी.

तीन गाड्या खत ताबडतोब पुरवावं, असं पत्र बेबीताईंच्या नावानं निघालं. मसुदा वझलवारबाबूंनी केला. 'ताबडतोब'च्या खाली रेघ मारायची साहेबांनी सांगितली होती, ती त्यांनी पट्टी घेऊन मारली.

भाऊबीजेला सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून ते बहिणीकडे गेले. पिशवीत बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेली जांभळी साडी होती आणि सदऱ्याच्या खिशात पत्र. आधी पोचलेला शालिग्राम ओट्यावर बसला होता. त्याला इकडे बहीण नाही, म्हणून बेबीताई दरवर्षी त्यालाही ओवाळत.

ओवाळून झालं. वझलवारबाबूंनी साडी ताटात ठेवली. बेबीताईंनी ती उचलून पाहिली, पदर छान आहे म्हणाल्या, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"साडी पेरता येत नाही, निळू."

"ताई, कागद वर गेला आहे. परवानगी येईल."

"बांध फोडून नऊ दिवस झाले. ओल अजून पाच-सहा दिवस. तुझा कागद पाच दिवसांत खाली येईल?"

वझलवारबाबू खोटं बोलत नसत, म्हणून त्यांनी साडीची घडी नीट केली. मग त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि ओवाळणीच्या ताटात, सुपारीशेजारी ठेवलं. बेबीताईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. रेघेवर बोट फिरवलं.

"म्हणजे माझं खत तुम्ही कुलपात ठेवलं, आणि आता खत मीच तुम्हाला द्यायचं?"

"तसं नाही, ताई. ते खत वेगळं आणि हे..."

बेबीताई हसू लागल्या. हसता हसता खाली बसल्या. ताटातलं निरांजन हलून विझलं. आणि हसणं केव्हा थांबलं आणि डोळ्यांना पदर केव्हा लागला, ते वझलवारबाबूंना कळलं नाही. "यांचं पत्र आलं काल, पठाणकोटहून," त्या म्हणाल्या. "विचारून राहिले, पेरा झाला का. काय लिहू? माझ्या भावानं परवानगी मागितली, असं लिहू?"

शालिग्रामनं चिवड्याची बशी खाली ठेवली.

"बाबूजी, एक विचारू? आपल्याकडे कुठूनबी माल आला अन् तो तपासणीत नापास झाला, तर काय करते?"

वझलवारबाबूंना नियम पाठ होते. त्यांनी खाली मान घालूनच म्हणून दाखवलं, "नापास माल पुरवठादारानं अठ्ठेचाळीस तासांच्या आत कारखान्याबाहेर न्यावा. तो एक दिवसही जास्त आत राहिल्यास संबंधित..." आणि ते थांबले.

"चांगला माल बाहेर नेयाले परवानगी लागते," शालिग्राम म्हणाला. "नापास माल आत ठेवाले लागते."

"शालिग्राम, ते पिकलेलं खत आहे. सोन्यासारखं. त्याला नापास म्हणायचं? म्हणजे मी खोटं लिहू?"

"खरं लिहून पाहिलंस ना तू, निळू?" बेबीताई म्हणाल्या, आणि निरांजन पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तीन गाड्या फाटकाशी आल्या. आत दोन गायींचं ओलं शेण, काटक्या, कुटार आणि एक फुटका माठ. शेण आत न्यायला कसलीच आडकाठी नव्हती. आलेलं खत तपासणी होईपर्यंत कुठे उतरवावं, असा प्रश्न आला. तर कारखान्यात खतासाठी मंजूर झालेली जागा एकच होती. पहारेकऱ्यानं तार उघडली. तिन्ही गाड्या तिसऱ्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या, आणि शालिग्रामनं फावड्यानं सगळं मनापासून कालवलं.

तपासणीसाहेब तोफेच्या चाकापासून झाडूपर्यंत सगळं तपासत. त्यांनी मूठभर खत उचललं. त्यात माठाचा तुकडा निघाला.

"इसमें सप्लायर का कौन-सा है?"

"सब मिल गया है, साहब," वझलवारबाबू म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

"अलग हो सकता है?"

"नहीं हो सकता." हेही.

"तो सब रिजेक्ट," साहेब म्हणाले.

पण खत गोपनीय होतं, म्हणून फाईल सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलीच. आम्हाला वाटलं, आता संपलं. ते मात्र बराच वेळ विचार करून एकदम उठून उभे राहिले. "बाहर का गोबर मिल गया? यानी अब कोई तौलेगा तो ग़लत तौलेगा! दुश्मन को चौबीस की जगह अट्ठाईस बैल दिखेंगे! ले जाने दीजिए, ज़रूर ले जाने दीजिए!" अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांनी 'सदर पदार्थ तापत नाही' एवढा शेरा मारला, सुरात थोडी निराशा होती.

शेवटी नापासपत्रावर हेडक्लार्कची सही लागणार होती. 'खत अत्यंत निकृष्ट असल्याचे माझ्या समक्ष आढळले.' वझलवारबाबू खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी वाकून एका कोपऱ्यातलं खत मुठीत घेतलं. काळं, मोकळं, गार. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग मूठ उघडली, हात धोतराला पुसला आणि पेन काढलं. पेन चालेना. त्यांनी ते दोनदा झटकलं, तरी चालेना. मी माझं दिलं. माझं चाललं.

फाटकावर नऊ खेपा झाल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीवर नापासाची लाल रंगाची फुली मारण्यात आली. ज्या पहारेकऱ्यानं तीन आठवडे खताकडे कोणाला फिरकू दिलं नव्हतं, तोच आता गाडीवानाच्या मागे लागला होता: "जल्दी निकालो भैया, अड़तालीस घंटे हो रहे हैं!" शेवटच्या गाडीला त्यानं खांदाही लावला.

बेबीताईंचा पेरा झाला तेव्हा जमिनीत दोन दिवसांची ओल शिल्लक होती. त्यांनी पठाणकोटला कार्ड टाकलं. त्यात एवढंच होतं की पेरा झाला, निळूची तब्येत बरी आहे.

हिरवळीवरचा गहू वितीएवढा झाला आणि पिवळा पडला. फाल्गुनात कलकत्त्याचे साहेब यायचे म्हणून मुख्य कचेरीत गव्हाच्या ओंब्यांची जुडी ठेवायचं ठरलं. ती कुंडमच्या रस्त्यावरून आणवली. वीतभर ओंब्या बघून साहेब खूश झाले. खत कोणतं, त्यांनी विचारलं. कारखान्याचं, असं सांगण्यात आलं, आणि तेही अक्षरशः खरं होतं. तापमानावर काटेकोर नियंत्रण ठेवल्याबद्दल अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. बेबीताईंनाही एक पत्र गेलं: आपण पुरवलेलं खत निकृष्ट निघाल्यामुळे आपलं नाव पुरवठादारांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. ते त्यांनी चौकट करून देवघराशेजारी लावलं. त्यांचे यजमान लढाईवरून परत आले, तेव्हा त्यांना घरातली ती एकच नवी वस्तू दिसली.

नाव कमी झाल्यामुळे पुढच्या वर्षी खत त्यांच्या नावानं नापास करता येईना. ते विनतावहिनींच्या नावानं झालं. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या मंडळींच्या. तोवर शालिग्रामच्या खताचा गुण कॉलनीभर ठाऊक झाला होता, आणि घरोघर मागे वांगी-टोमॅटो लागले होते. नापास व्हायला बायकांची रांग लागली. दिवाळी आली की एकमेकींना विचारत, "यंदा कोणाचं निकृष्ट?" बंबाची फेरीही बंद पडली होती, कारण ती चालू ठेवावी का, असं कोणी विचारलं नाही. पहिला खड्डा परत वाफाळू लागला. वझलवारबाबू दरवर्षी सही करत. पेन मात्र माझंच घेत.

पुढे बैल गेले, त्यांचं काम ट्रकांकडे आलं, आणि ट्रकांच्या मागे टोपली घेऊन फिरायची कोणाला गरज वाटली नाही.

निवृत्त झाल्यापासून मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे. सगळे हसतात. वझलवारबाबूंना हसतात, थर्मामीटरला हसतात, त्या टोपलीवाल्या पथकाला तर पोट धरून हसतात. मग चहा येतो, आणि प्रत्येक जण थोडं पुढे झुकून मला तोच प्रश्न विचारतो: "पण काय हो, ते खत असं बाहेर नेणं... नियमात बसत होतं का?"

तुमच्याही मनात तो मघाशीच येऊन गेला असेल. येऊ द्या, त्याला काही हरकत नाही. फक्त कृपा करून लेखी विचारू नका.